हात पोचत नाही तिथे

"पाठीला काही लावलंय का तुम्ही?" फ्राउ ब्रेनरनी मागून विचारलं. सुमेधा कमरेपर्यंत उघडी, दोन्ही हात छातीशी आवळून, त्वचेच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या उंच स्टुलावर खिडकीकडे तोंड करून बसली होती. "नाही," असं ती आधी म्हणाली. मग पाठ त्या बाईंच्या हाताखालीच आहे, खोटं बोलून काय उपयोग, हे लक्षात आलं आणि ती म्हणाली, "तेल." फ्राउ ब्रेनर थांबल्या. पाठीला काही लावू नका, असं त्यांनी पंधरवड्यापूर्वी कळवलं होतं, आणि सुमेधाने ते वाचलंही होतं. पण आज नरकचतुर्दशी होती. पहाटे डोळे उघडले, हात आपोआप तेलाच्या वाटीकडे गेला आणि अंग चोळून, सासूबाईंनी सांगलीहून पाठवलेलं उटणं लावून, न्हाऊन झाल्यावर तिला एकदम आठवलं की आपल्याला आज काय करायला जायचंय. सूर्य उगवायच्या आत माणसाने स्वतःला तेल का माखायचं हे जर्मनमध्ये समजावत बसण्यात अर्थ नव्हता, म्हणून ती म्हणाली, "आमच्यात आज धार्मिक कारणाने लावतात." त्याबरोबर फ्राउ ब्रेनरचा आवाज मऊ झाला. धर्माचं नाव काढलं की इथली माणसं वाद घालत नाहीत, आवाज खाली आणतात. त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने पाठ पुसली, खांद्याजवळ ॲलर्जीच्या तपासणीची पट्टी लावून पाहिली, ती घसरली. कमरेजवळ लावून पाहिली, तिचाही कोपरा सुटला. पुन्हा पुसलं. मग हातमोज्यातलं बोट पाठीवरून हळूहळू फिरत मधोमध आलं आणि तिथे थांबलं. "आल्झो, इथे कोरडं आहे," फ्राउ ब्रेनर खूश होऊन म्हणाल्या. "इथे तेल लागलेलंच नाही. छान. इथे टिकेल." आणि त्यांनी पट्ट्या तिथे घट्ट दाबून बसवल्या.

खांद्यावरून एक हात खाली नेला, कमरेकडून दुसरा वर आणला, तरी मधे थोडी जागा उरतेच. कुणाच्याही पाठीवर उरते. त्यात रडण्यासारखं काही नाही, असं सुमेधाने स्वतःला बजावलं. पण पहाटे तेल लावताना तिला हे जाणवलंही नव्हतं, आणि त्याचाच तिला धक्का बसला. इतकी वर्षं ती जागा हृषिकेशची होती. तो अर्धवट झोपेत यायचा, बाथरूमच्या दारात उभा राहून भराभर तेल चोळायचा, "झालं, झालं, जा आता," म्हणायचा आणि तेलकट हात तिच्याच दंडाला पुसायचा. कधी प्रेमाने, कधी कंटाळून; पण जागा सुटायची नाही. आज ती सुटली होती, आणि हे तिला एका परक्या बाईच्या रबरी बोटाने दाखवून दिलं. फ्राउ ब्रेनर मागे पेनने रेघा काढत होत्या, पट्ट्यांवरच्या प्रत्येक चौकोनाला बाजूने, आणि सूचना सांगत होत्या. पाठीला पाणी लागू द्यायचं नाही. घाम येईल असं काही करायचं नाही. बुधवारी संध्याकाळी पट्ट्या हलक्या हाताने कुणाकडून तरी काढून घ्यायच्या, रेघा पुसट झाल्या असतील तर ह्याच पेनने पुन्हा काढायच्या, आणि गुरुवारी सकाळी डॉक्टर बघतील. "घरी आहे ना कुणी? तुमचे मिस्टर?" "हो, हो," सुमेधा घाईघाईने दोनदा म्हणाली. "मग झालं तर, फ्राउ पार्खुरे," त्या म्हणाल्या. परचुरेचं पार्खुरे झालेलं तिला आता खटकायचंही नाही.

हे सगळं दातांच्या तारेवरून सुरू झालं होतं. वरचे पुढचे दोन दात तिचे लहानपणापासून जरा बाहेर. ती कॉलेजात असतानाच आई गेली, वडिलांना असल्या गोष्टी सुचायच्या नाहीत, आणि तिला स्वतःला हसताना तोंडावर हात ठेवायची इतकी सवय जडली की तो हात आपण ठेवतो हेही ती विसरून गेली. हृषिकेश बघायला आला तेव्हा पोह्यांची बशी देऊन ती समोर बसली, कुणीतरी काहीतरी विनोद केला, ती हात ठेवून हसली, आणि नंतर गच्चीत दोघांना बोलायला पाठवल्यावर त्याने पहिलं विचारलं ते हेच. "हसताना हात का ठेवतेस? मला नीट दिसलंच नाही." तेवढ्या एका वाक्यावर तिने होकार दिला होता. मग गेल्या हिवाळ्यात, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तिला हे दात सरळ करायची लहर आली. सगळ्यांना तिने सांगितलं, इथे काय, म्हातारे लोकही तार लावतात. खरं कारण तिने स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. हृषिकेशने जानेवारीत कारखान्याजवळ, त्सुफेनहाउझेनला खोली घेतली होती. कारखान्यात त्याची पाळी लवकर सुरू व्हायची, रोजचं जाणंयेणं झेपत नाही म्हणाला. शनिवार-रविवार घरी. आणि दातांची डॉक्टरीण म्हणाली की उपचाराला दोन वर्षं लागतील. दोन वर्षं! सुमेधाला ते ऐकूनच बरं वाटलं होतं. दोन वर्षांचं काम हाती घेतलं की पुढची दोन वर्षं जशी ठरूनच गेली. मधे काही मोडणार नाही, कुणी कुठे जाणार नाही. दर महिन्याला तार आवळायची आणि सगळं हळूहळू जागेवर यायचं, इतकं ते तिला सोपं वाटलं.

तार लावली आणि तिसऱ्या आठवड्यात ओठ सुजले. डॉक्टरीण म्हणाली, सुरुवातीला होतं, सवय होईल. तिने मेण दिलं, तारेवर चोपडायला. हिरड्या खाजायला लागल्या, अशा की जिभेने खाजवून जीभ सोलून निघावी. ओठांचे कोपरे फाटले. गालाच्या आत पांढरे चट्टे आले, आणि तोंडात चोवीस तास एक चव, पितळेच्या भांड्यात ताक विसरल्यासारखी. वरणभातसुद्धा झोंबायचा. सुमेधा सोसत राहिली. सवय होईल या शब्दावर तिचा फार विश्वास. ह्या देशाची, थंडीची, बंद दारांची, सगळ्याची सवय तिने अशीच करून घेतली होती. उन्हाळा संपता संपता डॉक्टरीणच घाबरली आणि तिने त्वचेच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी विचारलं, खोटे कानातले घालून कधी कान चिघळले होते? जीन्सच्या बटणाने पोटावर पुरळ? तिला हसूच आलं. कॉलेजात असताना तुळशीबागेतल्या कानातल्यांच्या दांड्यांना ती आणि मैत्रिणी नेलपॉलिश लावायच्या, कान पिकू नयेत म्हणून. ते तर सगळ्याच मुली करायच्या; त्याला आजार म्हणतात हे कुणाला ठाऊक होतं? डॉक्टर म्हणाले, "अगदी बरोबर. तेच निकेल ह्या तारेतही असतं. बहुतेकांना चालतं, तुम्हाला चालत नसावं. बघू." तिने विचारलं, "पण हळूहळू सवय नाही का होणार?" त्यांनी मान हलवली. ह्यात उलटं असतं म्हणाले. पहिल्यांदा काही होत नाही, शरीर नुसतं ओळखून ठेवतं. मग जितका सहवास वाढेल तितका त्रास वाढतो. हे ते इतक्या सहज बोलले, आणि सुमेधा घरी येताना ट्राममध्ये त्याचाच विचार करत दोन थांबे पुढे गेली.

कारण हृषिकेशनेही जवळजवळ हेच सांगितलं होतं, आणि तेही इतक्याच शांतपणे. एप्रिलमधला रविवार. तो कपडे धुवायला आणायचा बंद झाला होता, हे तिच्या लक्षात आलं होतं पण तिने ते मनात घोळू दिलं नव्हतं. ती मेथी निवडत होती. तो समोर बसला आणि म्हणाला, "सुमी, आपण ट्रेनुंग्सयार सुरू करूया का?" घटस्फोटाआधी वेगळं राहायचं जे वर्ष कायदा मागतो, ते. पुढचं मागचं सगळं मराठीत, आणि मधे तेवढा एक जर्मन शब्द. तिला आधी तो कारखान्यातलंच काही सांगतोय असं वाटलं. मग कळलं, तरी मेथी निवडणं थांबलं नाही. पानं एकीकडे, देठं एकीकडे. "कोणी आहे का?" तिने विचारलं. "नाही गं." "मग काय झालंय?" "काही झालं नाहीये. तेच तर." तो बिचारा खरं बोलत होता. भांडण असतं तर मिटवता आलं असतं, दुसरी बाई असती तर तिच्या नावाने बोटं मोडता आली असती. ह्याला धरायचं कुठे? शेवटी तिने विचारलं, "आईंना सांगितलंस?" आणि तेव्हा मात्र तो गडबडला. "सांगेन. वेळ बघून. तिचं बीपी... तू काही बोलू नकोस एवढ्यात." तो गडबडला, नजर चुकवली, ह्याच एका गोष्टीला सुमेधा धरून बसली. हृषिकेश आईपासून कधी काही लपवत नसे. जे पक्कं ठरतं ते तो आईला सांगतोच. नोकरी बदलली तेव्हा, इकडे यायचं ठरलं तेव्हा, आपल्याला मूल होणार नाही हे कळलं तेव्हासुद्धा त्याने पहिला फोन सांगलीला केला होता. तेव्हा जोवर आईंना सांगितलेलं नाही तोवर त्याचं त्यालाच ठरलेलं नाही. जून गेला, जुलै गेला, गणपती झाले. सासूबाईंचे फोन येत राहिले, उलट पूर्वीपेक्षा जास्तच. दुपारी, ती कामावर असताना, काही कारण नसताना. "जेवलीस का? काय केलं होतंस? ओठ कसा आहे?" आणि हृषिकेशबद्दल त्या तशाच विचारायच्या, आवाजात काही फरक नाही. प्रत्येक फोन ठेवल्यावर सुमेधाच्या मनात थोडी आशा उजळायची. अजून सांगितलेलं नाही. अजून वेळ आहे.

दोन दिवस ती पाठ जपत राहिली. ताठ बसली, पालथी झोपली. सोमवारी रात्रीपासूनच पाठीवरच्या एका चौकोनात काहीतरी सुरू झालं, आधी ऊब, मग बारीक चुरचुर, मग अशी खाज की दाराच्या चौकटीला पाठ घासावीशी वाटे. बाकीचे चौकोन गप्प. एक तेवढा बोलायचा. लक्ष्मीपूजनाला तिने एकटीने समई लावली, धने-गूळ ठेवला आणि फोटो काढून सासूबाईंना पाठवला. मंगळवारी रजा घेऊन तिने चकल्याही केल्या. तिला स्वतःला त्या तारेमुळे चावता येणार नव्हत्या. हृषिकेश पाडव्याला यायचा होता. तो स्वतःहून म्हणाला होता. आईचा व्हिडिओ कॉल असेल, ओवाळणं होईल, दोघं एकत्र दिसलेलं बरं. तिने लिहिलं, त्या दिवशी माझ्या पाठीच्या पट्ट्या काढायच्यात, काढशील? त्याने अंगठा पाठवला. त्या अंगठ्याकडेही ती बराच वेळ बघत बसली, शहाण्या बाईने बघू नये इतका वेळ. पहिल्या दिवाळसणाची आठवण सारखी येत होती. जावयाचा दिवाळसण मुलीच्या माहेरी व्हायचा. पण हिचं माहेर म्हणजे एकटे वडील आणि डब्याचं जेवण. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "काही नको तिकडे. तुझा सण मीच करते, तू समज मी तुझ्या बाजूची." आणि पहाटे तिला पाटावर बसवून, पदर खोचून, त्यांनी तिची पाठ चोळली होती. आई गेल्यावर सात-आठ वर्षांत त्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. ती पाटावर हमसून रडली, आणि सासूबाईंनी डोळ्यात उटणं गेलं का असं विचारून वर गरम पाणी ओतलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण न कळल्यासारखं करायला त्यांना फार छान यायचं.

बुधवारी दुपारी हृषिकेश आला. बेल वाजवून आला. किल्ली त्याच्याकडे होती तरी. त्याने दाराशी बूट काढून नीट बाजूला ठेवले, पाहुणा ठेवतो तसे. केस बारीक कापले होते, जरा वाळला होता, आणि अंगावर तोच निळा झब्बा होता जो सासूबाईंना आवडतो. "वास काय सुटलाय," म्हणाला आणि उभ्याउभ्या दोन चकल्या खाल्ल्या. सुमेधाला मनातून इतकं भरून आलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. फोन पुस्तकांना टेकवून ठेवला. सांगलीच्या घरात सासूबाई गडद हिरव्या साडीत, केसात गजरा, आधीच तयार बसल्या होत्या. "पाट नाही का गं? बरं, असू दे. खुर्ची पूर्वेकडे कर जरा. टिळा नीट लाव, मागच्या वर्षी वाकडा झाला होता." सुमेधाने टिळा लावला. त्याचं कपाळ तिच्या बोटाखाली गरम लागलं. तबक फिरवताना तिने त्याच्याकडे पाहिलं, तर तो तिच्याचकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत असं काहीतरी होतं की तिचा हात क्षणभर थांबला. "ओवाळणी?" सासूबाई ओरडल्या. "हृषी, हात हलवत आलास की काय?" त्याने खिशातून कागदात गुंडाळलेला स्कार्फ काढून तबकात ठेवला. मोरपिशी, सुती, हाताला अगदी मऊ. "लोकरीने त्रास होतो ना तुला," तो पुटपुटला. त्याच्या लक्षात होतं! "रंग खुलेल तुला," सासूबाई म्हणाल्या. "जवळ बसा दोघं, फोटो काढते. जवळ गं, अशी काय परक्यासारखी." त्यांना फोनवर फोटो काढायला कधीच जमत नसे, त्या नुसत्याच बोट दाबत राहिल्या, आणि तेवढा वेळ हृषिकेशचा खांदा तिच्या खांद्याला लागून होता. हसताना सुमेधाने तोंडावर हात ठेवला नाही. तारेसकट, सुजलेल्या ओठासकट हसली.

पट्ट्या काढायला ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर उलटी बसली, ब्लाउज पुढे धरून. ओट्यावरचा दिवा त्याने वाकडा करून पाठीवर घेतला. तो कारखान्यात गाड्यांच्या रंगाची तपासणी करायचा. पत्र्यावरचा बारीक ओरखडा दिसावा म्हणून उजेड तिरका धरायची त्याला सवयच होती. पट्टीचा कोपरा त्याने नखाने उचलला आणि एका हाताने कातडी दाबून धरून दुसऱ्याने अगदी सावकाश सोडवत आणली. "दुखतंय?" "नाही." बोटं तशीच होती, टोकाला जरा खरखरीत. महिनोन्महिन्यांनी तो स्पर्श. सुमेधाने डोळे मिटले. "एक चांगलाच लाल झालाय," तो मागून म्हणाला. "दुसरी ओळ, डावीकडचा पहिला. बारीक फोडपण आलेत. बाकीचे साफ आहेत. खूप खाजलं असेल ना गं?" त्या 'गं'मध्ये जुना हृषिकेश जसाच्या तसा होता. त्याने वाकून त्या जागेवर हलकीशी फुंकर घातली. त्याला ते करायचं नव्हतंच बहुधा, सवयीने झालं. पण सुमेधाच्या अंगावर काटा आला, आणि जे सहा महिने ती गिळत आली होती ते तोंडून निघून गेलं. "हृषी, राहा ना आज."

पेनचं टोक पाठीवर टेकलं होतं. ते पुढे सरकलं, एक रेघ पुरी केली, दुसरी सुरू केली आणि थांबलं. "सुमी," तो म्हणाला. "आईला माहीत आहे." तिला आधी कळेचना तो कशाबद्दल बोलतोय. "काय माहीत आहे?" "सगळं. गणपतीत सांगितलं मी तिला. सांगलीला फोन करून." फ्रीज घरघरत होता. ती हलली नाही. पाठ उघडी असलेल्या माणसाला हलता येत नाही. "मग आत्ता... त्या मघाशी..." "हो." "टिळा नीट लाव म्हणाल्या. जवळ बसा म्हणाल्या." "हो गं. तीच म्हणाली, पाडव्याला तिला एकटीला ठेवू नकोस, जाऊन ओवाळून घे. आणि मला माहीत आहे असं तिला कळू देऊ नकोस म्हणाली. तिला तेवढाच आधार वाटत असेल तर वाटू दे, म्हणाली. मी कबूल केलं होतं. पण तू राहा म्हणालीस... मग मला नाही जमलं." त्याचा आवाज फाटला होता. तो दुष्ट नव्हता, कधीच नव्हता. दुष्ट असता तर सुमेधाला त्याच्यावर चिडून तरी जगता आलं असतं. तिने विचारलं, "आणि हा स्कार्फ?" तो म्हणाला, "सुती घे म्हणाली. लोकर चावते सुमेधाला."

सुमेधा रडली, पण तोंड मिटूनच. उघडलं की तार ओठात रुतायची. खांदे हलू नयेत म्हणून तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. किती मूर्ख होतो आपण, ह्यापलीकडे तिला काही सुचत नव्हतं. दोन महिने दर दुपारी त्या बाईने फोन करून हृषीची चौकशी केली, आणि आपण प्रत्येक फोननंतर मनात दिवे लावले. ज्या आशेवर ती तगून होती ती दुसऱ्या कुणीतरी तिला दया येऊन पुरवलेली होती, रोज थोडी थोडी, आजाऱ्याला पेज पाजावी तशी. "रेघा झाल्या?" तिने विचारलं. "एक राहिलीय." "काढ मग. उद्या डॉक्टरांना दिसायला पाहिजे." त्याने ती काढली. पेनला टोपण लावल्याचा आवाज आला. ती ब्लाउज सावरून उठली तेव्हा तो दाराशी बूट घालत होता, आणि मान खाली घालून नाड्या बांधायला त्याला फार वेळ लागत होता. आपल्यात 'येतो' म्हणायची रीत आहे, म्हणून तो "येतो" म्हणाला. तिने चकल्यांचा डबा हातात दिला. दार त्याने बाहेरून हलकेच ओढून घेतलं.

तबकातलं निरांजन विझवून ती भांडी घासायला उभी राहिली तोच फोन वाजला. सासूबाई. सांगलीला जेवणवेळ टळून गेली असेल. तिने नुसताच आवाजाचा फोन घेतला, चेहरा दाखवण्यासारखा नव्हता. "काय गं, काढल्या का पट्ट्या? काय निघालं?" "एक लाल झालंय, आई. निकेलच असणार बहुतेक. तार काढतील आता." "मग दातांचं?" "अर्धवट सरकलेत. राहतील तसेच." "राहू देत. काही वाईट नाहीत तुझे दात. मला तर पहिल्यापासून आवडायचे." मग त्या चकल्यांबद्दल बोलल्या, भाजणी जरा जाड दळली गेली का असं विचारलं, आणि शेवटी, रोजच्यासारख्याच, त्याच आवाजात म्हणाल्या, "हृषी काय करतोय?"

मला कळलंय, आई. हे तीन शब्द सुमेधाच्या ओठांवर आले. बोलून टाकलं असतं तर त्या म्हातारीचीही सुटका झाली असती. दारात नको असलेला पाहुणा आला तर ज्यांना 'घरी नाहीत' एवढंही धड सांगता यायचं नाही, त्या बाई दोन महिने हे नाटक वठवत होत्या. पण बोलून टाकल्यावर मग काय? मग उद्या दुपारी त्यांनी फोन कशासाठी करायचा? बोललं की ती त्यांच्या मुलाची पूर्वीची बायको होणार, आणि त्या सांगलीच्या कुणी एक सरिताबाई परचुरे. हृषिकेश गेला होता. तो तर एप्रिलातच गेला होता, हे तिला आत्ता ह्या क्षणी स्वच्छ दिसलं, आणि ते सोसवेलही कधीतरी. पण 'आई' अशी हाक मारायला जगात तिला हे एकच माणूस उरलं होतं, आणि तेही ह्या न बोललेल्या गोष्टीवर टिकून होतं. एक आई तिने अशीच, काही कळायच्या आत घालवली होती. दुसरी घालवायची तिची तयारी नव्हती. आज तरी नव्हती.

"दूध आणायला गेलाय," ती म्हणाली. "येईलच इतक्यात."

पलीकडे पंखा ऐकू येत राहिला, आणि कुठेतरी लांब फटाके. सासूबाईंनी एकदा घसा साफ केला.

"बरं," त्या म्हणाल्या. "येईल हो." आणि मग थोडं थांबून, अगदी हळू, "अंधार पडला असेल ना गं तिकडे? तू दार लावून घे, बाळ. आतून कडी घाल."

"हो, आई," सुमेधा म्हणाली, आणि फोन कानाशी तसाच धरून, उठून तिने दार आतून लावून घेतलं.